गव्हाचे फ्लेक्स खा, पण पोह्यांच्या वेळेला नको

इंदुरात सकाळी आठला कोणाला दूध-सीरियल खायला सांगून बघा, समोरचा तुमची तब्येत विचारेल. नाक्यावर वाफेवरचे पोहे, वर शेव, जीरावन मसाला, शेजारी गरम जिलबी, त्याच्यापुढे बाऊलभर फ्लेक्स टिकणारच नाहीत. त्यामुळे आमच्याकडे होल व्हीटच्या फ्लेक्सचा डबा असतो पण तो उघडतो संध्याकाळी पाचला, नाहीतर ऑफिसातून उशिरा आल्यावर, जेव्हा कणीक मळायची कोणाची इच्छा नसते.

विकत घेताना डब्याची पुढची बाजू बघूच नका, सरळ मागे वळवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे पहिलं नाव अख्ख्या गव्हाचं हवं आणि दुसऱ्याच नंबरवर साखर असेल तर डबा परत शेल्फवर. हिशोब सोपा आहे, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम साखर लिहिली असेल तर ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये साडेसात, म्हणजे जवळजवळ दोन चमचे, आणि ३० ग्रॅमवर थांबतो कोण, आपल्या वाट्या काय मापाच्या असतात माहितीये ना.

अख्खा गहू म्हणजे कोंडा, अंकुर आणि मधला पिठूळ भाग तिन्ही. मैद्यात फक्त मधला राहतो, म्हणून गव्हात १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम फायबर आणि मैद्यात जेमतेम ३. अमेरिकेत हेन्री पर्की यांनी १८९३ च्या सुमारास श्रेडेड व्हीट काढलं तेव्हा त्यात फक्त गहू होता, शिजवून दात्यांच्या रोलरमधून धागे काढायचे आणि भाजायचे, बस. इंग्लंडचं वीटाबिक्स (१९३२ पासून) पण ९५ टक्के गहूच, १०० ग्रॅमला फायबर १० ग्रॅम आणि साखर पाचाच्या आत. रंगीत डब्यातल्या चॉकलेटी गोळ्यांना मी त्या रांगेत बसवत नाही.

आमच्या आजी म्हणतात, "अरे हा तर भाजका दलियाच, डब्यात घालून महाग केलेला." बरोबरच आहे, दलिया पण अख्ख्या गव्हाचाच, पैसे कमी, फक्त शिजवायला वेळ लागतो. फरक लोहाचा. बऱ्याच कंपन्या लोह आणि बी जीवनसत्त्वं वरून घालतात, पण कोंड्यातलं फायटिक ॲसिड ते अडवतं आणि सोबतचा चहा आणखी. म्हणून चहा तासाभराने, आणि वर पेरू किंवा संत्र्याच्या फोडी टाका, व्हिटॅमिन सीने लोह जास्त शोषलं जातं. ग्लूटेनचा त्रास असलेल्यांनी अर्थात या वाटेला जाऊच नये.

आणि दूध नको असेल तर चिवडा! बिनसाखरेचे फ्लेक्सच घ्या, गोडवाले कढईत काळे पडतात. मंद आचेवर कोरडेच कुरकुरीत करायचे, वेगळी थोड्या तेलाची फोडणी, मोहरी हिंग कढीपत्ता शेंगदाणे डाळं, मीठ बेताने कारण फ्लेक्समध्ये आधीच असतं. शेव मात्र खाताना, आधी घातली की मऊ पडते आणि पावसाळ्यात तर सगळा डबाच बसतो. पोरं पाचला हाच मागतात, दुधाचा बाऊल तसाच राहतो टेबलावर.