आमची वाटचाल: पाना ‘टक्’ वाजला, तरी गॅस्केट उडालं

बाबांनी १९८६ साली मुंबईत रे रोडच्या दारूखान्यात गाळा घेतला. आसपास जुनी जहाजं तोडली जात. त्यातून निघालेले चांगले भाग निवडून बाबा मासेमारी बोटींची डिझेल इंजिनं उभी करायचे. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट हाताच्या अंदाजाने आवळायचे आणि तो अंदाज सहसा चुकत नसे. २०११ मध्ये मी कामाला लागले आणि पहिल्याच वर्षी टॉर्क पाना घेतला, ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणारा. आता अंदाजाचा प्रश्नच मिटला, अशी माझी खात्री होती.

आमचं वर्ष पावसाळ्याभोवती फिरतं. हल्ली १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागल्या की इंजिनं आमच्याकडे येतात आणि ऑगस्ट उजाडण्याआधी ती परत बोटीत बसलेली असावी लागतात.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ससून डॉकच्या एका बोटीचं गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधला सील, भर समुद्रात उडालं. दुसऱ्या बोटीने तिला ओढत आणली. बर्फ गेला, मासळी गेली. बोटीचे तांडेल (कप्तान) गाळ्यात आले, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, पाना टक् वाजला होता ना? मी तिथंच उभा होतो.”

हेड उघडलं. काढण्याआधी प्रत्येक नट तपासला होता, सगळे ठरलेल्या आकड्यावर होते. पण स्टडच्या, म्हणजे ब्लॉकमध्ये बसणाऱ्या आणि वर नट घेणाऱ्या दांड्यांच्या, आट्यांत खाऱ्या हवेचा गंज होता आणि ते आम्ही तसेच, कोरडे चढवले होते. पाना काय मोजतो हे मला त्या दिवशी कळलं. नट फिरवायला लागणारा जोर तो मोजतो, स्टडला पडलेला ताण नाही. त्या जोराचा साधारण नऊ दशांश भाग नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणातच खर्च होतो. उरलेल्या एक दशांशाने स्टड ताणला जातो, आणि हेडला ब्लॉकवर दाबून धरतो तो हा ताणच. आटे गंजले की घर्षण वाढतं, पाना वेळेआधीच टक् वाजतो आणि स्टड पुरेसा ताणलाच जात नाही. उलटंही होतं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा निसरडं ग्रीस लावून वापरला, तर स्टड इतका ताणला जाऊ शकतो की पुन्हा मूळ लांबीवर येत नाही.

त्या दुरुस्तीचा आणि बुडालेल्या फेरीचा खर्च आम्ही सोसला. त्यानंतर कामाची पद्धतच बदलली.

आता ब्लॉकमधले आटे चेसरने, म्हणजे आटे फक्त साफ करणाऱ्या हत्याराने, साफ होतात. टॅप फिरवत नाही, तो धातू कापतो. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड खाली उतरताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते, म्हणून हवा मारून भोक कोरडं करतो. भोक इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर आट्यांना सीलंट. स्टड हाताने बसेल तेवढाच बसवायचा, जोर लावायचा नाही, जोर नटासाठी. या एका गोष्टीवर नवीन मुलांशी माझे सर्वाधिक वाद होतात, कारण घट्ट म्हणजे चांगलं हे त्यांच्या हातात बसलेलं असतं.

नटाच्या आट्यांना आणि बुडाला कंपनीने सांगितलेलंच तेल, खाली कडक वॉशर. मग तीन टप्पे: १२० न्यूटन-मीटर (पान्यावरच्या जोराचं माप) हवे असतील तर आधी सगळे ४०, मग ८०, मग १२०. लांब एकसंध हेड असेल तर मधून बाहेरच्या बाजूला. प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असेल तर समोरासमोरचे नट आळीपाळीने. पाना संथ ओढायचा, हिसका नाही. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सोडायची आणि दर मे महिन्यात कॅलिब्रेशन करून आणायचं.

शेवटच्या टप्प्यानंतर प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारतो आणि आकडा वहीत लिहितो. आज गाळ्यात आम्ही पाच जण आहोत. तेच तांडेल दर जूनला इंजिन पाठवतात आणि बोटीत चढवण्याआधी रेघा स्वतः मोजून घेतात.