रत्नागिरीची वाळू, सोलापूरचे सूत

सोलापूरच्या वातानुकूलित बसमध्ये मला एक मऊ, लोकरीसारखे ब्लँकेट देण्यात आले. मी ते परत केले आणि रात्रभर कुडकुडत बसले. असली ब्लँकेटे बहुधा पॉलिस्टरची असतात आणि त्यांचे तंतू सतत झडतात. माझ्या मांडीवरच्या डब्यात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पाच पेट्री डिश, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चपट्या बशा, होत्या. त्यांत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरील वाळूतून निघालेले तंतू होते आणि ते प्लास्टिकचे की सुताचे, हे मला ठरवता येत नव्हते.

पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिक ते मायक्रोप्लास्टिक. भरतीरेषेवरची वरची पाच सेंटीमीटर वाळू मी धातूच्या चमच्याने घेतली, क्षाराच्या द्रावणात ढवळली आणि वर तरंगलेले गाळून घेतले. पहिल्या खेपेस साधे मीठ वापरले, ही माझी चूक होती. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२ च्या आसपास आणि पॉलिस्टरची १.३८, म्हणजे मी जो तंतू शोधत होते तोच तळाशी वाळूत राहणार. झिंक क्लोराइडचे अधिक जड द्रावण करून सारे पुन्हा केले. शेवाळाचे अवशेष हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवले. त्यानंतर उरलेला प्रत्येक रंगीत तंतू मी वहीत प्लास्टिक म्हणून मांडला होता, हे मला कबूल केले पाहिजे. तंतू कशाचा आहे हे अवरक्त प्रकाशाने पदार्थ ओळखणारे एफटीआयआर यंत्र सांगते, पण तिथे माझा क्रमांक चार महिन्यांनी होता.

म्हणून मैत्रिणीच्या वडिलांकडे, सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात गेले. यंत्रमागांच्या खडखडाटात काकांनी माझे म्हणणे दोनदा ऐकले, दोन निळे धागे उचलले आणि काडी ओढली. पहिला भुरकन पेटला, जळक्या कागदाचा वास आला आणि चिमटीत त्याची राख झाली. दुसरा ज्योतीपासून मागे आकसला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी उरला.

"पोरी, सूत जळतं, पॉलिस्टर वितळतं," काका म्हणाले. "रंग बघून काय कळणार? रंग तर आम्हीच देतो."

त्या वाक्याने मी इतकी हरखले की तिथल्याच टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून एक डिश उघडली. शेजारी रिकाम्या डिशमध्ये ओला गाळणकागद ठेवला होता, कारण हवेतून किती तंतू पडतात हे अशा कोऱ्या कागदावरूनच कळते. दहा मिनिटांनी पाहिले तर तो कागद निळ्या-पांढऱ्या तंतूंनी भरला होता. मोजता मोजता मी थांबले. मागांवरून उडणारी रुई माझ्या केसांवर दिसत होती, तरी डिश उघडताना मला ती दिसली नाही. समुद्राचा एक नमुना गेला, याचे फार वाईट वाटले.

उरलेल्या चार डिश रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिल्या. मे महिन्यातल्या सोलापुरात काकूंनी माझ्यासाठी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि काम संपेपर्यंत कडक भाकरी नि शेंगाचटणी झाकून ठेवली. असे आदरातिथ्य मी क्वचितच अनुभवले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तापलेली सुई तंतूजवळ नेली की प्लास्टिक वळते किंवा वितळते. माझे बहुतेक तंतू जागचे हलले नाहीत. नीट पाहिल्यावर त्यांतले बरेच चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखे दिसले, आणि कापूस तसाच दिसतो. पॉलिस्टरचा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीचा असतो.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महासागरी खोऱ्यांतले पाण्याचे ९१६ नमुने तपासले गेले, आणि त्यांतले केवळ ८.२ टक्के तंतू कृत्रिम निघाले. बहुसंख्य सेल्युलोजचे, म्हणजे कापसासारख्या वनस्पतीजन्य द्रव्याचे होते. हे मी पूर्वी वाचले होते, तरी स्वतःच्या वहीला ते लावून पाहिले नव्हते. रंगावरून मोजलेले आकडे जाहीर होतात तेव्हा मला संताप येतो, आणि माझेही आकडे त्याच मार्गावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ आणि शेजारचा भुईकोट किल्ला पाहून झाले. निघताना काकूंनी एक सोलापुरी चादर हातात दिली. परतीच्या बसमध्ये मी तीच पांघरली. वहीत चार नमुन्यांचे आकडे खोडून नवे लिहिले आणि पाचव्यापुढे "बाद" अशी नोंद केली.