सरांचा काळा कोट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर इतिहासाचे सरच उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नववी ब. पुस्तकात पहिलं महायुद्ध दोन पानांत आटोपलेलं. सरांनी टेबलामागची वेताची खुर्ची ओढून फळ्यासमोर ठेवली, अंगातला काळा कोट काढून तिच्यावर पांघरला. खिशापाशी खडूची बोटं उमटलेली, अस्तर उसवलेलं. मग त्यांनी एक परकं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. कुणी उठेना. “तो येणार नाही,” सर म्हणाले, “पाच आठवड्यांपूर्वीच रणात पडलाय.”

असा आम्हाला एलिस एव्हान्स भेटला. वेल्सच्या डोंगराळ त्राउसव्हनिद गावच्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. शाळा लवकर सुटली. मेंढरं राखायचा आणि ‘हेद विन’ या नावाने वेल्शमध्ये कविता करायचा. लढाईची हौस मुळीच नव्हती. पण सक्तीची भरती आली, घरातून एकाने जाणं भाग होतं. धाकट्याला मागे ठेवून हा गेला. ३१ जुलै १९१७, पाश्शेंडेलच्या लढाईचा पहिलाच दिवस. बेल्जियमच्या मातीत पडला तेव्हा वय तीस.

६ सप्टेंबरला बर्कनहेडच्या राष्ट्रीय काव्यमहोत्सवात त्याने सैन्यातून धाडलेली कविता पहिली आली. विजेत्याला द्यायची मानाची खुर्ची काळ्या कापडाने झाकावी लागली. ती कोरली होती बेल्जियमहून जीव वाचवून आलेल्या एका निर्वासित सुताराने. हे सांगताना सरांना पुढे बोलवेना. परीक्षेत यावर प्रश्न कधीच आला नाही, पण आमच्या बॅचच्या कुणालाही विचारा, तो तास आठवतो.

आज मी लिव्हरपूलमध्ये इंजिनिअर आहे. मुलांना घेऊन एलिसच्या घरी, इस्गुर्नला जाऊन आलो. ते दगडी घर आणि ती कोरीव खुर्ची जिवापाड जपली आहे. मुलांना सगळं मीच सांगितलं, सरांच्याच शब्दांत. हे त्यांना कळवायचं होतं, पण तोवर सर गेले होते.

हल्ली इतिहासाचे तास जादा गणिताला देतात, असं ऐकतो. फार वाईट वाटतं. निदान सरांच्या नावाने दरवर्षी कवितेचं एक बक्षीस सुरू करावं, तेही गुणांची अट न घालता. खर्च माझ्याकडे, मुख्याध्यापकांना तसं पत्र पाठवलं आहे.