कारखान्याच्या फोनवर धोक्याचा इशारा बसवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या आयपी फोनची, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या फोनची, देखभाल आमच्याकडे आहे. मे २०२५ मध्ये याच वसाहतीत दुसऱ्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यानंतर आमच्या कारखान्याच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. "फोन तर सगळीकडं आहेत की. मग कुठंही काय झालं तर सगळ्यांना एकदम कळायला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नव्हती. फोन ज्या सिप प्रोटोकॉलवर, म्हणजे कॉल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालतात त्यात २००२ सालीच आरएफसी ३४२८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकवार दस्तऐवज) छोटे संदेश पाठवायची सोय करून ठेवली आहे. कॉल न जोडता थेट मजकूर जातो. इशारा कसा लिहायचा याचंही जागतिक प्रमाण आहे, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, म्हणजे कॅप. ओएसिस या संस्थेने ते तयार केलं आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एक्स.१३०३ म्हणून स्वीकारलं. कॅपचा इशारा सिपच्या संदेशात कसा घालायचा हेसुद्धा २०२० च्या आरएफसी ८८७६ मध्ये आहे. म्हणजे शोध काही लावायचा नव्हता, जोडकाम होतं. मात्र जोडकाम सोलापुरात करायचं होतं.

इथे लूमवर तेलुगू, घडी-पॅकिंगला मराठी आणि कन्नड, डाईंगला हिंदी. कॅपमध्ये एकाच इशाऱ्यात प्रत्येक भाषेचा वेगळा भाग ठेवता येतो, ही त्याची मोठी सोय. पण सिपचा असा संदेश हेडर धरून १३०० बाइटांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. नेटवर्क आपल्याच हातातलं असेल तर तो शिथिल करता येतो, पण कारखान्याचं हेड ऑफिस शहरात नवी पेठेत आहे आणि मधला रस्ता इंटरनेटचा. देवनागरी असो की तेलुगू किंवा कन्नड, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. चार भाषा आणि कॅपचे टॅग एकत्र घातले की पाकीट फुटलंच. म्हणून पूर्ण इशारा सर्व्हरवर ठेवला, आणि प्रत्येक एक्स्टेन्शनला त्याच्या भाषेतली दोन ओळींची सूचना पाठवायची ठरवलं. कुठे काय झालं आणि कुठल्या गेटने बाहेर पडायचं, एवढंच. आगीच्या वेळी त्यापेक्षा जास्त कोण वाचणार?

जुन्या टेबल फोनवर मराठीच्या जागी चौकोन उमटले. त्या फोनमध्ये फॉन्टच नव्हता. तिथे मुकादमांच्या हातात अँड्रॉइड फोन दिले, विषय मिटवला.

खरी डोकेफोड झाली ती '२०० ओके'वर. संदेश पोहोचला की फोन सर्व्हरला हे उत्तर देतो. पहिल्या चाचणीत स्क्रीनवर सगळे ओके हिरवेगार, मॅनेजर खूश. मी लूम शेडमध्ये जाऊन पाहिलं तर कुणी मानसुद्धा वर केली नव्हती. आरएफसी ३४२८ मध्येच स्पष्ट लिहिलंय की या उत्तराचा अर्थ माणसाने वाचलं असा होत नाही. तिथला जॉबर, म्हणजे लूमवरचा फोरमन, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "साहेब, इथं बाजूचा माणूस बोललेला ऐकू येत नाही, तुमची टिंग कुठनं ऐकू येणार? लाईट लावा की!"

लावला. प्रत्येक शेडमध्ये दोन्ही टोकांना लाल फ्लॅशर, आणि बाहेर, कांडी (सूत गुंडाळायचं काम) आणि शिलाईकडे, आयपी हॉर्न, म्हणजे नेटवर्कवरून घोषणा वाजवणारे कर्णे. वाचल्याची पोच देणारं आरएफसी ५४३८ आहे, पण आमच्या टेबल फोनना ते येत नव्हतं. म्हणून सोपं केलं: प्रत्येक विभागात पाळीनिहाय एक माणूस नेमला, त्याने एक नंबरचं बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात दाबलं नाही तर सर्व्हर त्यालाच कॉल लावतो, मग त्याच्या पुढच्याला. चॅट आणि इशारा यांतला फरक मला इथे नीट समजला. चॅटला उत्तर आलं नाही तर माणूस कामात असेल असं धरून चालतं. इशाऱ्याला उत्तर आलं नाही तर कुणीतरी पळत जाऊन बघायलाच हवं.

कॅपमधल्या बारीकसारीक गोष्टी आधी किचकट वाटतात. वेळेपुढे झेड अक्षर (जागतिक वेळेची खूण) चालत नाही, +०५:३० असंच लिहावं लागतं. आमची लायब्ररी झेड लावायची आणि तपासणारा प्रोग्राम प्रत्येक इशारा परत फेकायचा. पण 'स्टेटस' हा रकाना मात्र सोन्याचा. खरा इशारा, सराव आणि तांत्रिक चाचणी तिथेच वेगळे होतात. सरावाला आम्ही फ्लॅशर पिवळा ठेवला. इशारा रद्द करतानाही मूळ इशाऱ्याचा क्रमांक, पाठवणारा आणि वेळ द्यावीच लागते, त्यामुळे कुठला धोका टळला यावर वाद राहत नाही.

सिपमध्ये 'इमर्जन्सी' ही सगळ्यात वरची प्राथमिकता फक्त जीव किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तेव्हाच वापरावी असं म्हटलंय. मॅनेजरनी विचारलंच, "एक्स्पोर्टचा कंटेनर भरायचा असला की हेच वाजवता येईल का?" मी नाही म्हणालो. मालकही नाही म्हणाले, म्हणून ते टिकलं.

मीटिंग रूममधलं व्हिडिओ यंत्र सिपचं नाही, जुन्या एच.३२३ प्रोटोकॉलचं. त्याच्या नादी लागलो नाही. शेजारच्या टीव्हीवर सर्व्हरचं पान उघडं ठेवलं.

बाहेरचे इशारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत'कडून घ्यायचे ठरले. तेही कॅपवरच चालतं. पण आपल्याकडचा उन्हाळा! उष्णतेच्या प्रत्येक सूचनेला हॉर्न वाजला तर मे महिन्यात त्याच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. म्हणून तीव्रता, तातडी आणि खात्री हे तिन्ही रकाने बघून, तिन्ही वरच्या पातळीचे असतील तरच हॉर्न. बाकीचं मुकादमांच्या फोनवर मजकूर म्हणून. ११२ ला आपोआप काही जात नाही. गाडी कुठल्या गेटला आणायची, आत कोण अडकलंय, या प्रश्नांना उत्तर द्यायला माणूसच लागतो.

राहिलं हॉर्नवरचं तेलुगू. संगणकाच्या आवाजातली घोषणा ऐकून घडी विभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या अक्का हसायलाच लागल्या. "असं पुस्तकातलं आमच्यात कोण बोलतंय?" आता त्याच बोलायला तयार झाल्यात. अट एकच, कांडी विभागातल्या बायकांना रेकॉर्डिंग आधी ऐकवायचं नाही.