वाटून घ्यायच्या ॲपसाठी लोकांशी बोलायला निघाले आणि दोन महिने एका गेटवर अडकले (माझा अनुभव)

ज्या सोसायटीच्या गेटवर मी अडकले होते तिच्या ऑफिसातून परवा फोन आला, "मॅडम, तुमचा अर्ज नक्की कशाबद्दल होता?" अर्ज नोव्हेंबरचा आणि फोन मार्चमध्ये. फोन ठेवला तरी डोकं तापलेलंच होतं, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकते, कोणाला असं काम करायचं असेल तर त्याचे दोन महिने तरी वाचतील.

तर आम्ही तिघं मिळून एक ॲप बनवतोय. घरात जास्तीचं झालेलं चांगलं अन्न, न लागणाऱ्या वस्तू आसपासच्यांना द्यायच्या, नाहीतर शिडी, ड्रिल, मोदकपात्र असलं काही चार दिवस उसनं द्यायचं, एवढंच. दोघं कोडिंगवाले आहेत, आणि लोकांना खरंच काय हवंय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर हे चालतं. लंडनचं ओलिओ नावाचं असंच ॲप २०१५ मध्ये टेसा क्लार्क आणि साशा सेलेस्टियल-वन या दोघींनी सुरू केलं आणि मला त्यांचं आवडलं ते हे की त्यांनी आधी ॲप बनवलंच नाही, १२ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि दोन आठवडे बघितलं की लोक खरोखर देतात-घेतात का. आमच्यातला एक जण म्हणत होता आपण तसंच बनवू, फक्त मराठीत करू. मी म्हटलं आधी मी लोकांच्या घरी जाऊन बसते, मग ठरवू.

नेरूळला मामी राहते, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगीत, तिथे तीन दिवसांत ११ घरं झाली. मामी पुढे, मी मागे, दार उघडंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ठरलं की मोठ्या टॉवरमधले लोक पण हवेत, कारण ॲप वापरणारे जास्त तिथेच असणार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, त्यामुळे घोडबंदर रोडची एक सोसायटी निवडली, मानपाड्याच्या पुढची, सात टॉवर. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी गेटवर विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय. म्हटलं कुठल्याच नाही, ऑफिसात जायचंय, परवानगी घ्यायला. तर ऑफिसात जायला आधी ऑफिसची परवानगी लागते. वॉचमनने इंटरकॉम लावला, मॅनेजर जेवायला गेलेले, ४० मिनिटं केबिनच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मॅनेजर आले, म्हणाले लेटरहेडवर अर्ज आणा. आमची कंपनी अजून रजिस्टर पण नाही, लेटरहेड कुठून आणणार. साध्या कागदावर लिहून नेला तर म्हणाले कोणा मेंबरची सही पाहिजे. मेंबरची सही घ्यायला आत जायला पाहिजे आणि आत जायला सही पाहिजे. तीन फेऱ्या यातच गेल्या. शेवटी एका मैत्रिणीच्या ऑफिसातले एक जण तिथे राहतात असं कळलं, त्यांनी रात्री साडेनऊला गेटवर येऊन सही दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अर्ज दिला. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी. डिसेंबरच्या मीटिंगनंतर सोमवारी फोन केला तर म्हणाले तुमचा अर्ज मीटिंगमध्ये आलाच नाही, कारण त्यावर आवक नंबर नव्हता. आता आवक नंबर त्यांनीच टाकायचा असतो ना! पण मी पोच घेतली नव्हती, त्यामुळे बोलायला तोंड नाही. हे लक्षात ठेवा, सोसायटी असो की कुठलंही ऑफिस, अर्जाची झेरॉक्स सोबत न्यायची आणि तिच्यावर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही.

दुसरा अर्ज दिला, पोच घेतली. त्यानंतर सेक्रेटरी साहेब स्वतः भेटले. म्हणाले, "आज सर्वे म्हणता, उद्या ॲप विकायला याल." आणि लॉबीत टेबल लावायचं तर एका दिवसाचे पाच हजार, जे स्टॉलवाल्यांकडून घेतात तेच. मी किती वेळा सांगितलं की मला काही विकायचं नाही, टेबल पण नको, मला फक्त आठ-दहा घरांत अर्धा-अर्धा तास बसून बोलायचंय, नाव लिहिणार नाही, नंबर घेणार नाही. ते म्हणाले बघू. त्यांची काळजी मला कळते, टॉवरमध्ये रोज कोणी ना कोणी काहीतरी विकायला येतं. पण मग नाही म्हणा ना स्पष्ट! नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दुसरी सोसायटी शोधली असती. बघू, पुढच्या मीटिंगला ठेवू, चेअरमन गावी गेलेत, असं करत माणसाला लटकवून ठेवायचं याचा मला जास्त राग आहे.

पण त्याच गेटवर मला या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली. चौथी की पाचवी फेरी होती, दुपारी दोनचा सुमार. एक मावशी काम संपवून बाहेर निघाल्या, हातात गव्हाच्या पिठाच्या जुन्या पिशवीत मिक्सर. वॉचमनने थांबवलं, रजिस्टरमध्ये लिहिलं, जुना मिक्सर १, फ्लॅट नंबर, आणि ताईंना इंटरकॉम लावला. उचलेनात. परत लावला. मोबाइल लावला, तो पण नाही, झोपल्या असतील. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, मिक्सर मांडीवर, भांड्याचं झाकण सुटं होतं ते हाताने धरून. त्यांच्या सोबतच्या दोघी शेअर रिक्षाने निघून गेल्या. मी विचारलं असं नेहमी होतं का. म्हणाल्या, "देणारी बाई देऊन मोकळी होते, न्यायचं मला असतं." मग हळू आवाजात म्हणाल्या की दिलेली वस्तू आहे, पण इथे बसलं की येणारे-जाणारे असं बघतात की जणू उचलून आणली. पाऊण तासाने ताईंनी फोन उचलला.

आमच्या स्क्रीनवर तोपर्यंत दोनच माणसं होती, देणारा आणि घेणारा, दोघांच्या हातात स्मार्टफोन, आणि घेणारा दारापर्यंत येऊन पिशवी घेऊन जाणार. आपल्याकडे दारापर्यंत परका माणूस येऊच शकत नाही, आणि वस्तू बाहेर काढायला गेटपास लागतो. नेरूळला गेट नव्हतं म्हणून ते मला दिसलंच नव्हतं.

परवानगी शेवटपर्यंत आलीच नाही. आईच्या भिशीतल्या एका काकूंची सून त्याच सोसायटीत राहते (हे पहिल्याच दिवशी आईला विचारायला हवं होतं, तुम्ही ऑफिसात जायच्या आधी घरी विचारा), तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं, पाहुणी म्हणून पास बनवला आणि मी दोन मिनिटांत आत. काकूंच्या सुनेने मी काय करतेय ते सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, मी पण परत सांगितलं, ज्यांना बोलायचं नव्हतं त्यांना सोडलं. दोन तासांत १४ जणींशी बोलणं झालं. हातात वाणाचे डबे होतेच, मी विचारलं मागच्या वर्षीच्या वाणांचं काय झालं? जिच्या घरी होतो तिने बेडरूममधला माळा उघडून दाखवला. प्लॅस्टिकच्या टोपल्या, चाळण्या, साबणदाण्या, एकात एक घातलेल्या, सगळ्या कोऱ्या. म्हटलं कोणाला देत का नाही? तर म्हणाली ज्यांनी दिलं त्यांच्याच नजरेला पडलं तर? आहेरात आलेल्या वस्तूंचं पण तेच. म्हणजे वस्तू द्यायची तर ती लांबच्या, अनोळखी माणसाला जावी असं वाटतं, शेजारणीला त्या वस्तूचा फोटो ॲपवर दिसलेला चालत नाही.

आणि अन्नाचं बरोबर उलटं. जेवण फक्त ओळखीच्याकडून. कोणाच्या हातचं आहे, मांसाहारी भांड्यातलं तर नाही ना, कांदा-लसूण आहे का, कधी केलंय. शेजारच्या टॉवरमधल्या अनोळखी बाईची बिर्याणी १४ पैकी एकीनेही घेते म्हटलं नाही, पण मजल्यावरच्या वहिनींची वाटी सगळ्याजणी घेतात आणि रिकामी परत करत नाहीत. माझ्या आईच्या सगळ्या डब्यांवर तिचं नाव कोरलेलं आहे, त्याचं कारण मला त्या दिवशी नव्याने कळलं, डबे फिरतात! कोरडं सामान मात्र चालतं, सीलबंद डाळ, चहा, पीठ, तारीख दिसली की झालं. आम्ही अन्न आणि वस्तू एकाच यादीत एकाच नियमाने टाकणार होतो, ते मोडलं.

प्रश्न कसे विचारायचे ते राहिलंच. नेरूळच्या पहिल्या दोन घरांत मी विचारलं असं ॲप असलं तर वापराल का, दोन्हीकडे हो हो, छान आहे. ते हो माझं मन राखायला होतं. तिसऱ्या घरापासून विचारलं, गेल्या आठवड्यात तुमच्या घरातून काय काय बाहेर गेलं आणि कुठे गेलं? मग लोक आठवून बोलतात. वाया काय जातं हे तर विचारूच नका, सगळ्या म्हणतात आमच्याकडे काही वाया जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालात भारतात घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं असं आहे, त्यात सालं-बिया पण धरल्यात, तरी. पण ते कोणाच्या तोंडावर म्हणायचं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मावशींना दिलेलं वाया गेलेलं नसतं आणि ते बरोबरच आहे.

मावशींशी पण बोला, हे मी हात जोडून सांगते. मी नंतर सहा जणींशी बोलले, गेटच्या बाहेर, रिक्षा स्टँडवर. त्या म्हणाल्या, रात्रीचं उरलेलं सकाळी दहाला हातात देतात, त्याऐवजी रात्रीच सांगितलं तर सकाळी आमचा डबा रिकामा आणू. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजी ओतून देऊ नका, असं दोघींनी सांगितलं. एकीने सांगितलं की नको म्हणायची सोय पाहिजे, कारण तोंडावर नको म्हटलं की बाईंना राग येतो.

वेळ म्हणाल तर दुपारी साडेतीन ते साडेपाच, त्याआधी नाही. आणि रेकॉर्डिंग विचारून करा, नाहीतर करूच नका, फोन टेबलावर ठेवला की बायका पुस्तकी बोलायला लागतात, वहीच बरी.

आता आम्ही पहिली गोष्ट बनवतोय ती गेटची चिठ्ठी. देणारीने वस्तू ॲपवर टाकतानाच चिठ्ठी तयार व्हायची, वस्तू, फ्लॅट, तारीख, देणारीची संमती, म्हणजे इंटरकॉमची वाट बघत बसायला नको, आणि ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांच्यासाठी कागदावर पण. पहिला नमुना त्या मिक्सरवाल्या मावशींनाच दाखवला. त्यांनी लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, फ्लॅटचा नंबर मोठा काढा ताई, संध्याकाळच्या वॉचमनला बारीक दिसत नाही.