वजन २.४ किलो, छान

बाजी या बोक्याच्या केसपेपरवर लसीच्या बूस्टरच्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: 'वय ४ महिने. वजन २.४ किलो, छान. खाणं – घरचं चिकन.' त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी मी थांबायला हवं होतं. बाहेर पाच-सहा पेशंट खोळंबले होते. लस टोचली, कार्डावर स्टिकर चिकटवला, काकूंना म्हटलं, "मस्त वाढतोय," आणि पुढच्याला आत घेतलं.

सहा आठवड्यांनी, पावसातल्या एका सोमवारी, तोच बाजी माझ्या टेबलावर ओरडत होता. सोफ्यावरून खाली उतरला होता. सोफ्याची उंची दीड फूट. मेन कून जातीच्या मांजराचं साडेपाच महिन्यांचं पिल्लू दीड फुटावरून उतरतं आणि मागचा पाय टेकवत नाही, हे ऐकतानाच पोटात कालवलं.

पुण्यात गेल्या काही वर्षांत मेन कून बरेच दिसायला लागलेत. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातली ही थंडीतली जात. नर सहा-आठ किलोचा सहज होतो, आणि पूर्ण वाढ व्हायला तीन ते पाच वर्षं घेतो. लोक सेकंडहँड स्कूटरच्या पैशात पिल्लू आणतात, आणि पिल्लासोबत ब्रीडरचा एक उपदेशही येतो. काकूंच्या मुलाला मिळालेला उपदेश असा: मोठ्या जातीला मांसच हवं, पाकिटातले दाणे घालू नका, किडनी जाते.

काकू सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. घर पूर्ण शाकाहारी. मुलाने पिल्लू आणलं आणि सकाळी आठला तो हिंजवडीला निघून जाणार, म्हणजे करायचं काकूंनीच. आयुष्यात ज्या बाईने अंडं फोडलं नव्हतं, तिने गॅलरीत वेगळी इंडक्शन शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं, नाकाला पदर लावून रोज चिकन उकडायला लागली. पिल्लाच्या घशात अडकू नये म्हणून एकूण एक हाड बोटांनी चाचपून बाजूला काढायची. शिजलेलं हाड तडकतं, टोचतं, ते काढलं यात चूक काहीच नव्हती. पण ताटलीतलं सगळं कॅल्शियमही त्या हाडांबरोबरच बाहेर जात होतं, आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नव्हतं.

मी हळूच पाठीवरून हात फिरवला. कमरेपाशी मणक्यात खळगा लागला, आणि बाजी हाताला चावायला वळला. आजवर तो कधी चावला नव्हता. "गेले पंधरा-वीस दिवस उड्या मारत नव्हता का?" विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही, पण मोठी मांजरं शांतच असतात म्हणे. आम्हाला वाटलं, आला स्वभावावर." सगळीकडे लिहिलेलं असतं की मेन कून म्हणजे सौम्य राक्षस. दुखत होतं म्हणून पिल्लू निजून राहत होतं, आणि घरात त्याच्या गुणी स्वभावाचं कौतुक चाललं होतं.

एक्स-रे काढला. आमचा असिस्टंट स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, एक्सपोजर जास्त झालंय वाटतं, परत घेऊ." सेटिंग नेहमीचंच होतं. तरी कमी करून परत घेतला. तसाच. मग मी त्याच वयाच्या एका देशी बोक्याचा जुना एक्स-रे शेजारी उघडला. देशी बोक्याच्या मांडीच्या हाडाची भिंत खडूने ओढलेल्या रेघेसारखी पांढरी. बाजीच्या हाडाला भिंत म्हणावी असं काही नव्हतंच, अंड्याच्या आतला पापुद्रा असतो तेवढी जाडी. हाड आणि त्याभोवतीचं मांस जवळपास एकाच करड्या रंगाचं. फक्त हाड जिथून लांब होतं त्या वाढीच्या पट्टीलगतची कड तेवढी उजळ दिसत होती. डाव्या मांडीचं हाड तुटलेलं नव्हतं, मुडपलं होतं, ओली फांदी मुडपते तसं. उजव्या नडगीत आणखी एक मुडप होती, तिच्याभोवती नवं हाड धरायला लागलेलं. म्हणजे ते आधीच कधीतरी मोडलं होतं आणि घरात कोणाला पत्ता लागला नव्हता. कंबरेचं कडं दोन्ही बाजूंनी आत दाबलं गेलेलं, आणि त्या अरुंद वाटेमागे चार दिवसांची शी खड्यासारखी अडकलेली.

मुलाच्या सॅकमधून तेवढ्यात एक बाटली निघाली. शी होत नाही म्हणून कोणीतरी सुचवलेला, मेडिकलमधून आणलेला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा. "हा देऊन बघू का, असा विचार होता," तो म्हणाला. माझे हात गार पडले. मांजराला हा एनिमा कधीच द्यायचा नसतो. फॉस्फेट आतड्यातून रक्तात जातं, रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं, आणि मांजर काही तासांत जाऊ शकतं. बाजीकडे तर कोसळायला काही शिल्लकच नव्हतं. ती बाटली मी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली.

रविवारी त्यांनी एका डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी न बघताच सांगितलं, "हिप डिस्प्लेसिया असेल, या जातीत असतोच. कॅल्शियमचं सिरप चालू करा." मेन कूनमध्ये खुब्याचा तो दोष खरोखर बऱ्यापैकी आढळतो, म्हणूनच असलं उत्तर पटतं. पण फोनवर निदान करायची सवय आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे, आणि हे मी त्या डॉक्टरांना भेटले तर तोंडावर सांगेन.

आमच्या शिक्षणाबद्दलही राग येतो. व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा गाईचा मिल्क फीवर आम्ही झोपेत विचारला तरी सांगतो. घोड्याला नुसता कोंडा घातला तर त्याचं तोंड सुजतं, त्याला बिग हेड म्हणतात, कारण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मांजराला नुसतं मांस घातलं की हेच होतं, हे पुस्तकात दोन ओळीत होतं. रानातलं मांजर उंदीर अख्खा खातं, हाडांसकट. नुसती छाती सोलून खाणारं मांजर निसर्गात नसतं.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. मुलाने तो आधी वाचला आणि जरा चढ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, कॅल्शियम नॉर्मल आहे." होतंच नॉर्मल. मी समजावलं: गळ्याशी चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या हार्मोन सोडतात आणि हाडांतून काढून रक्तात भरतात, कारण त्याच्याशिवाय हृदय चालणार नाही. रक्ताचा आकडा सांभाळला जातो, आणि आत हाड पोकळ होत जातं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे एफडी मोडून मोडून सेव्हिंगला भरणा चालला होता. पासबुक बघणाऱ्याला कळणार कसं?" मी कितीतरी लोकांना हा आजार समजावला आहे, इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, आडवी, लेजरसारखे रकाने आखलेले. तारीख, वेळ, ब्रेस्ट, लिव्हर, पाणी, शी, दर रविवारी वजन. 'सकाळी ७.१५ – ब्रेस्ट ८० ग्रॅम, लिव्हर २० ग्रॅम. संध्याकाळी ६.३० – ब्रेस्ट ८० ग्रॅम, लिव्हर २० ग्रॅम. सगळं संपवलं.' शिजवून, काट्यावर मोजून. एकही दिवस कोरा नाही. मी समासात पेन्सिलीने गणित मांडलं. शंभर ग्रॅम शिजलेल्या ब्रेस्टमध्ये फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या वर, कॅल्शियम जेमतेम पंधरा. लिव्हरचं तर आणखी वाईट. दिवसाची बेरीज केली: फॉस्फरस पाचशेच्या वर, कॅल्शियम तीसच्या आत. बाजीच्या वयाच्या पिल्लाला कॅल्शियम सहाशेच्या घरात लागतं आणि फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. आणि उष्मांक? ते पुरेसे होते. म्हणून वजन वाढत होतं. म्हणून मी 'छान' लिहिलं होतं.

काकूंनी ती बेरीज दोनदा तपासली. रडल्या नाहीत. "सिरप दिलं असतं तर?" एवढंच विचारलं. चमचाभर सिरपने पाचशे-सहाशेची तूट भरत नाही, आणि अंदाजाने ओतत राहिलं तर त्यातलं व्हिटॅमिन डी-३ जास्त होऊन वेगळाच घोळ होतो. लिव्हर असंच चालू राहिलं असतं, तर व्हिटॅमिन ए साठून काही वर्षांनी मानेचे मणके एकमेकांत जखडले असते.

मुलाला ऑपरेशन हवं होतं, प्लेट बसवायची होती. मी हाडांचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एक्स-रे पाठवले. तिचा निरोप आला, "लोण्यात स्क्रू बसत नाही गं." यावर उपाय म्हणजे पिंजरा, पूर्ण आहार आणि वेदनाशामक. गुंगी देऊन कोमट सलाइनने तास-सव्वा तास थोडं थोडं करून शी काढली. बोट आत घालताना कडं किती अरुंद झालंय ते लागत होतं.

खरी कसोटी खाण्याची होती. जन्मभर चिकन खाल्लेलं मांजर दाण्यांकडे ढुंकून बघत नाही. 'भूक लागली की खाईल' हे कुत्र्याला चालतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि जीवावर बेततं. म्हणून पहिले दिवस चिकनच, त्यात मोजून दिलेलं कॅल्शियम कार्बोनेट, आणि वरून पिल्लांच्या दाण्यांची मिक्सरवर केलेली पूड. पूड दर दोन दिवसांनी वाढवायची, चिकन कमी करायचं. काकूंनी वहीत एक रकाना वाढवला. अठराव्या दिवशी बाजीने पहिल्यांदा अख्खा दाणा फोडून खाल्ला, तेव्हा त्यांनी मला रात्री साडेदहाला फोन केला.

पाकीट कसं वाचायचं तेही त्यांना शिकवलं. पुढचं चित्र बघायचंच नाही. मागे 'कम्प्लीट' (एकटं पुरणारं) लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी' (नुसतं जोडीला द्यायचं), आणि ते वाढीच्या वयासाठी आहे का, हे बघायचं. ग्रेव्हीची कितीतरी पाकिटं आणि त्या चाटायच्या कांड्या कॉम्प्लिमेंटरी असतात, लोक तेच दोन वेळचं जेवण म्हणून घालतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त होऊ द्यायचं नसतं, ते ऐकून काही जण मेन कूनचंही कॅल्शियम तोडतात. कुत्र्याचा हा नियम मांजराला लागू नाही. मेन कूनला इतर पिल्लांसारखंच खाणं लागतं, फक्त जास्त महिने, आणि मोजून. मोजून अशासाठी की लवकर नसबंदी झालेल्या, वजनदार बोक्यांत खुब्याच्या हाडाचं टोक वाढीच्या पट्टीपाशी निसटतं. तीही केस मी पाहिली आहे.

ब्रीडरने दाण्यांबद्दल घातलेली भीती मुलाच्या डोक्यातून सहज गेली नाही. मी त्याला टॉरिनची, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणाऱ्या एका अमिनो आम्लाची, गोष्ट सांगितली. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं. ती मांजरं कंपन्यांचंच खाणं खात होती. चूक सापडली, कंपन्यांनी टॉरिन वाढवलं, तो आजार जवळपास नाहीसा झाला. पाकिटातल्या खाण्याची चूक अशी कोणीतरी मोजून पकडू शकतं. गॅलरीतल्या पातेल्यावर लक्ष ठेवणारं कोण होतं? मी होते, आणि मी विचारलं नव्हतं.

आता माझ्या केसपेपरवर 'खाणं' हा शब्दच नाही. 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय, किती' असं छापून घेतलंय. दोन मिनिटं जास्त जातात. बाहेरचे लोक कुरकुरतात.

चार आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत हाडाला पेन्सिलीची रेघ आली होती, आठव्या आठवड्यात ती जाड झाली. बाजी आता वर्षाचा आहे, ५.१ किलो. चालतो, धावतो, सोफ्यावर चढतो. कमरेतला खळगा राहिलाय. कंबरेचं कडं अरुंद जुळलंय ते तसंच राहणार, त्यामुळे शी मऊ ठेवणारं लॅक्ट्युलोज चालू आहे, आणि दोन दिवस शी झाली नाही की काकूंचा फोन येतो.

गेल्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या, मांजर न घेता. जरा अवघडून म्हणाल्या, "डॉक्टर, ते पातेलं मी फेकलेलं नाही. रविवारी थोडंसं उकडून दिलं तर चालेल? तो वासाने अजून गॅलरीच्या दाराशी येऊन बसतो हो."

म्हटलं, चालेल, बाकीचं खाणं पूर्ण असेल तर.

"किती?"

"शिजवून १५ ग्रॅम. लिव्हर नाही."

त्यांनी वही काढली, रविवारचा रकाना शोधला आणि लिहून घेतलं.