शिकागोला दीड तासात कनेक्शन? आई-बाबांचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

आम्ही राहतो डे मॉइनला, आयोवामध्ये. भारतातून इथे थेट विमान नाही, त्यामुळे आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस कुठेतरी विमान बदलूनच येतं आणि बहुतेक वेळा ते शिकागोला, ओ'हेअरवर. उन्हाळा जवळ आला की ओळखीपाळखीत सगळीकडे एकच प्रश्न सुरू होतो, आई एकटी येतेय, शिकागोला दीड तास आहे, पुरेल का? माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही पुरणार, बदलता येत असेल तर आजच बदला. साइटवर तिकीट विकतायत म्हणजे वेळ पुरत असेल असं सगळ्यांना वाटतं, पण तो कमीत कमी वेळ सगळं सुरळीत झालं तर, चालायला फिट असलेल्या आणि इंग्रजी पाट्या भराभर वाचणाऱ्या माणसाला कसाबसा पुरणारा असतो, सत्तरीच्या बाबांना आणि गुडघे दुखणाऱ्या आईला धरून कुणी तो काढलेला नसतो.

मुळात अमेरिकेत नुसतं ट्रान्झिट असा प्रकारच नाही. दुबईला किंवा फ्रँकफर्टला आपण एका विमानातून उतरतो, सिक्युरिटी करतो आणि दुसऱ्या गेटवर जाऊन बसतो, त्या देशात शिरायची गरजच पडत नाही. इथे जिथे पहिलं विमान टेकलं तिथेच देशात शिरायचं. इमिग्रेशन तिथेच, सामान ताब्यात घ्यायचं तिथेच, कस्टम्स तिथेच, मग तेच सामान परत विमानकंपनीकडे द्यायचं, परत सिक्युरिटी आणि मग पुढचं गेट. अगदी अमेरिकेत राहायचं नसेल, पुढे मेक्सिकोला जायचं असेल तरी हेच, आणि त्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो.

आता बॅगा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मुंबईला चेक-इन करताना बॅगेला जो टॅग लावतात त्यावर शेवटच्या शहराचा कोड असतो, आमच्या बाबतीत डीएसएम. काउंटरवरची मुलगी अगदी चांगल्या मनाने सांगते, काका, बॅगा थेट शेवटी मिळतील. ते वाक्य बाबांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि त्यानंतर वीस-बावीस तास प्रवास करून, झोप नाही, पाय सुजलेले, अशा अवस्थेत शिकागोचं इमिग्रेशन झालं की ते बेल्टकडे न बघता सरळ बाहेरच्या दाराकडे चालायला लागतात. कस्टम्सच्या दारातून एकदा बाहेर पडलं की उलटं आत जाता येत नाही. बॅगा आत फिरत राहतात, मग विमानकंपनीकडे तक्रार, फॉर्म, आणि बॅगा नंतर कधीतरी घरी. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या बीपीच्या गोळ्या अशा बॅगेत अडकल्या होत्या, आल्या आल्या डॉक्टर शोधायची वेळ आली. औषधं हातातल्या बॅगेत हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे "टॅग कुठलाही असो, शिकागोला बॅगा आपण स्वतः उचलायच्या आणि परत द्यायच्या" हे वाक्य निघण्याच्या आधी आई-बाबांकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या, नुसतं सांगू नका.

मी आईला एक कागद लिहून देते, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजूला क्रमाने लिहिलेलं असतं की विमानातून उतरल्यावर सगळे जातात तिकडे जायचं, ऑफिसरला पासपोर्ट द्यायचा, मग बेल्टवरून लाल नाडी बांधलेल्या चार बॅगा घ्यायच्या, दाराबाहेर आल्यावर लगेच कनेक्टिंग बॅगांचा काउंटर दिसेल तिथे द्यायच्या, मग ट्रेनने दुसऱ्या टर्मिनलला. इंग्रजी बाजूला एवढंच की मी डे मॉइनला चालले आहे, माझा फ्लाइट नंबर हा, मला मदत करा, आणि खाली माझा फोन. तो कागद पर्समध्ये नको, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, कारण त्या हॉलमध्ये फोन वापरायला मनाई असते, तुम्हाला विचारायला त्यांना फोन करता येणार नाही.

इमिग्रेशनच्या रांगेला किती वेळ लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. युरोपातली आणि आखातातली मोठी विमानं थोड्या थोड्या अंतराने उतरली की शेकडो माणसं एकदम हॉलमध्ये येतात, तेव्हा तास-दीड तास सहज जातो, आणि कधीकधी वीस मिनिटांतही सुटका होते. तिकीट काढायच्या आधी एक काम करा, सीबीपी म्हणजे कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या साइटवर एअरपोर्ट वेट टाइम्स म्हणून पान आहे, तिथे विमानतळ, टर्मिनल आणि तारखा टाकल्या की आधी कुठल्या तासाला लोकांना किती थांबावं लागलं ते दिसतं. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे आकडे बघा, फार उपयोगी पडतात. मोबाइल पासपोर्ट कंट्रोल म्हणून माहिती आधीच फोनवर भरून द्यायचं ॲप आहे, ते सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसाने येणाऱ्या आई-बाबांना ते चालत नाही. ग्लोबल एंट्री, म्हणजे आधी अर्ज आणि तपासणी करून इमिग्रेशनला लवकर सुटायची सीबीपीची सोय, मात्र २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही घेता येते, जे दर वर्षा-दोन वर्षांनी येतात त्यांच्यासाठी विचार करण्यासारखी आहे.

ऑफिसरचे प्रश्न साधे असतात. कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, खायचं काय आणलंय. बोटांचे ठसे आणि फोटो. इंग्रजी समजत नसेल तर "मराठी" किंवा "हिंदी" एवढं स्पष्ट सांगायचं, नुसतं यस यस म्हणत राहायचं नाही. किती दिवस राहणार याचं उत्तर आणि परतीच्या तिकिटाची तारीख जुळली पाहिजे. राहायची मुदत तो ऑफिसर ठरवतो आणि त्याची नोंद, म्हणजे आय-९४, २०१३ पासून ऑनलाइन असते, पासपोर्टवर शिक्का बसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, घरी आल्यावर तुम्ही साइटवर बघून घ्या.

कधी कधी एखाद्याला बाजूच्या खोलीत पाठवतात, सेकंडरी म्हणतात त्याला. बहुतेक वेळा काही विशेष नसतं पण अर्धा-पाऊण तास तिथेच जातो. दीड तासाच्या कनेक्शनमध्ये हा अर्धा तास कुठून आणणार?

कस्टम्समध्ये आपल्या माणसांचा वेळ जातो तो खाऊमुळे. आईला कितीही सांगा, ती काहीतरी कोंबतेच आणि ते प्रेमाने असतं, मला त्यात तिला रागवावंसं वाटत नाही, फक्त काय चालतं आणि काय नाही ते आधी नीट सांगायला हवं. चकल्या, भाजणी, लाडू, मसाले, पापड यांनी आमच्याकडे कधी अडचण आली नाही. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, मटण-चिकनचं काहीही, हे नको. ताजा कढीपत्ता नको, लिंबाच्या झाडांवरचा रोग त्यातून पसरतो म्हणून बंदी आहे. तांदूळसुद्धा नको हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, खाप्रा नावाच्या किडीमुळे भारतातून प्रवाशांच्या सामानात तांदूळ आणायला मनाई आहे, त्यामुळे आंबेमोहोर आणि इंद्रायणीचं पोतडं घरीच राहू दे. आणि मे महिन्यात हापूस! भारतीय आंबा २००७ पासून अमेरिकेत विकायला येतो, पण तो लासलगावसारख्या ठिकाणी विकिरण प्रक्रिया होऊन, तपासणी होऊन आलेला असतो, बाबांच्या बॅगेतली पेटी त्यात बसत नाही. खायचं आणलंय का असं विचारलं तर हो म्हणायचं आणि काय आणलंय ते सांगायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ती फक्त काढून घेतात, लपवलेली सापडली तर शेकडो डॉलर दंड होऊ शकतो, शिवाय नाव नोंदलं जातं ते वेगळंच.

बॅगा बेल्टवरून घेतल्यापासून परत देईपर्यंत त्या आपल्या ताब्यात असतात, ही मधली दहा मिनिटं महत्त्वाची. कारण पुढे परत सिक्युरिटी आहे आणि तिथे १०० मिलिलिटरच्या वरचं पातळ काही हातात चालत नाही. विमानात मिळालेली पाण्याची बाटली संपवा, हातातल्या पिशवीत परफ्यूमची मोठी बाटली वगैरे काही असेल तर ती इथेच मोठ्या बॅगेत टाका. ड्यूटी फ्रीचं सीलबंद पिशवीत असेल तर जाऊ देतात पण स्कॅनमध्ये शंका आली तर नाही, त्यापेक्षा बॅगेत बरं. पॉवर बँक मात्र उलट, ती मोठ्या बॅगेत अजिबात टाकायची नाही.

ओ'हेअरचं म्हणाल तर परदेशातून येणारी विमानं बहुतांश टर्मिनल ५ ला लागतात. डे मॉइनचं विमान युनायटेडचं असेल तर टर्मिनल १ किंवा २, अमेरिकनचं असेल तर ३. टर्मिनल ४ नाहीच, ते शोधत बसू नका. ५ वरून बाकीच्या टर्मिनलला विमानतळाची ट्रेन जाते, फुकट आहे, तिकीट वगैरे काही नाही. ट्रेनचा प्रवास छोटाच, पण लिफ्ट, चालणं, थांबणं सगळं धरून माझ्या हिशेबाने पाऊण तास बाजूला ठेवावा, त्यात सिक्युरिटीची रांग धरलेली नाही. आणि इथल्या डोमेस्टिक विमानाचं दार सुटायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी बंद होतं, तिकिटावरची वेळ ही दारात पोचायची वेळ नव्हे.

व्हीलचेअर मागावी का, असं बरेच जण संकोचून विचारतात. गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर नक्की मागा, अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ही मदत फुकट द्यावी लागते आणि अमेरिकेला ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू आहे. ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून बॅगा रीचेक करेपर्यंत आणि पुढच्या गेटपर्यंत सोबत असतो, एकट्या आईसाठी याहून मोठा आधार नाही. फक्त खुर्ची यायला आणि टर्मिनल बदलताना माणूस बदलायला वेळ लागतो, म्हणून व्हीलचेअर घेतली म्हणजे लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला वेळ, कमी चालेल असं नाही, उलट जास्तच ठेवा. पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा आईच्या हातात देऊन ठेवा, ही माणसं फार कष्टाचं काम करतात.

एक वेगळी वाटही आहे. अबू धाबीला २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधी तिथेच उरकतं, डब्लिनलाही तशी सोय आहे. मग शिकागोला तुम्ही डोमेस्टिक प्रवाशासारखे उतरता, बॅगा पुढे परस्पर जातात. वयस्कर माणसांसाठी मला हे फार आवडतं, पण तिथली रांग आणि जादा सिक्युरिटी धरून अबू धाबीलाच तीनेक तास हवेत, दगदग फक्त आधी होते.

आणि दोन तुकड्यांत तिकीट काढू नका, कळकळीने सांगतेय. मुंबई–शिकागो एका बुकिंगवर आणि शिकागो–डे मॉइन वेगळं स्वस्तात, असं केलं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुम्हाला काही देणं लागत नाही, नवीन तिकीट खिशातून. एकाच पीएनआरवर असेल तर चुकलेल्या विमानाच्या पुढच्या विमानात जागा देणं ही त्यांची जबाबदारी. रीचेकच्या काउंटरवरच कळलं की आता पोचत नाही, तर तिथेच विचारायला सांगा, तोपर्यंत तुम्ही इकडून ॲपवर पुढची फ्लाइट बघून ठेवा, बरेचदा आपोआपच बदलून मिळालेली असते.

म्हणून दिवसाचं शेवटचं विमान कधीच घेऊ नका. यंदा आई-बाबांसाठी मी शिकागोला साडेतीन तास मिळतील असं तिकीट काढलंय, त्यानंतर डे मॉइनला रात्रीचं अजून एक विमान आहे. सत्तर-ऐंशी डॉलर जास्त गेले, जाऊ देत. तेही चुकलं तर शिकागो गाडीने साडेपाच तासांवर आहे, नवऱ्याने त्या दिवशी रजा टाकलीय आणि गाडीची टाकी आदल्या रात्री भरून ठेवणार आहोत.